दोनशे एक्कावन्नची जागा

"इथं कोनी बसते का?"

माझ्या दुकानात खुर्च्या दोनच. एकीवर मी, दुसरी रिकामी. दुकानात तिसरं माणूस नाही, रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा सावली शोधून पडलेलं. तरी मॅडम आत यायच्या, रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करायच्या आणि हे विचारायच्या. मी "नाही मॅडम, बसा" म्हणेपर्यंत बसायच्या नाहीत. एकदा मी मुद्दामच गप्प राहिलो, पाहू तरी काय करतात म्हणून. मॅडमनी उभ्या उभ्या माझी, माझ्या घरच्यांची आणि भिंतीवरच्या पालीची चौकशी केली, चहा उभ्यानंच संपवला, पण बसल्या नाहीत. शेवटी मलाच शरम वाटली आणि मी खुर्ची पुढे ओढून दिली.

तुमच्याही ओळखीत असं कोणीतरी असेल. रिकाम्या एसटीत चढून कंडक्टरला "बसू का इथं?" असं विचारणारं. अशा माणसाला आपण भित्रं समजून मोकळे होतो. मॅडम भित्र्या अजिबात नव्हत्या. चालू लायनीवर उघड्या हातानं काम करायच्या आणि आम्ही ओरडलो की "तुमी नका करू, म्या करते" म्हणायच्या. त्यांच्या विचारण्यामागचं कारण वेगळं होतं आणि ते मला ठाऊक होतं.

उमरखेडला माझं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान आहे. मी आयटीआयला होतो तेव्हा मॅडम आम्हाला इलेक्ट्रॉनिक्स शिकवायच्या. तासिका तत्त्वावर. म्हणजे तास चालू असेल तोवर तुम्ही मास्तरीण, घंटा झाली की तुम्ही कोणी नाही. एक-दोन वर्षं नव्हे, अठरा वर्षं. संस्थेचं नाव सांगत नाही, सांगून आता उपयोगही नाही. स्टाफरूममध्ये पर्मनंट लोकांच्या खुर्च्या ठरलेल्या होत्या. जो रजेवर असेल त्याच्या खुर्चीवर मॅडम बसायच्या, आणि तो कोणत्या क्षणी उगवेल याचा भरवसा नाही म्हणून आधी विचारायच्या. मस्टरवर पर्मनंट लोकांची नावं छापलेली होती. मॅडमचं नाव दर महिन्याला शेवटच्या ओळीत कारकून पेनानं लिहायचा, आणि दर महिन्याला वेगळं लिहायचा. कधी एखादा काना गाळायचा, कधी अख्खं आडनाव. मॅडम त्याच्यापुढे सही करून यायच्या आणि आम्हाला सांगायच्या, "या मयन्यात माहं नाव बदललं बरं का. पेढे नाही आनले, पन अभिनंदन करा."

आम्ही टाळ्या वाजवायचो. त्या वयात आम्हाला ते फक्त गमतीचं वाटायचं.

मग एका जूनमध्ये "यंदा तास नाहीत" असा निरोप आला. आठव्या दिवशी मॅडम माझ्या दुकानात. हातात लॅपटॉप, काखेत सोयाबीनची पिशवी. टकटक. "इथं कोनी बसते का?"

बसल्यावर म्हणाल्या, "सोयाबीनची ओल मोजाचं यंत्र कराचं हाय. तुह्यापाशी काटा हाय, माह्यापाशी येळ हाय."

ओलीची भानगड आपल्याकडच्यांना नवी नाही. माल विकायला नेला की व्यापारी पोत्यातला एक दाणा उचलतो, दाताखाली धरतो, डोळे मिटतो आणि दाणा फोडतो. मग डोळे उघडून सांगतो, "चौदा टक्के ओल हाय." ओल जास्त म्हटली की भाव कमी. त्याच्या दातावर अपील कुठं करणार? मॅडमना तो दात काढायचा होता. असं त्या स्वतःच म्हणायच्या आणि स्वतःच हसायच्या.

ढाणकीच्या एका शेतकरी गटाला ही गोष्ट पटली. गटाचे प्रमुख बापू, वय सत्तरीचं, बोलणं कमी, टोपी कडक. त्यांची अट एकच. वजन आणि ओल दोन्ही एकाच यंत्रावर, मोठ्या पडद्यावर, शेडमधल्या शेवटच्या माणसाला दिसेल असं. मग आम्ही पत्त्यांच्या कॅटएवढा एक संगणक आणला, त्याला डब्यात बसवायचं ठरवलं आणि काम वाटून घेतलं. काटा माझा, ओल मॅडमची.

आता यंत्राच्या पोटातलं थोडं सांगावं लागेल. घाबरू नका, मलाही एवढंच कळतं. संगणकाच्या आत सगळ्यांवर हुकूम चालवणारा एक मुख्य प्रोग्राम असतो, त्याला कर्नल म्हणतात. बाहेरून एखादं यंत्र जोडलं की त्याची भाषा कर्नलला समजावून सांगणारा एक छोटा प्रोग्राम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. मॅडम ते ड्रायव्हर लिहायला पुस्तकं आणि इंटरनेट वाचून शिकल्या होत्या आणि मला त्यांनी शिकवलं होतं.

या दोन शब्दांनी ढाणकीत धमाल उडवून दिली. पहिल्या भेटीत बापूंनी ऐकलं की मॅडम ड्रायव्हर तयार करतात आणि पुढचं सगळं कर्नलच्या हातात असतं. दुसऱ्या भेटीत त्यांनी मॅडमना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मॅडम, हे कर्नलसायब कोन्या पलटनीचे? माहा साळा फौजेत होता, ओळख निघन."

मॅडमनी पाच-दहा मिनिटं नीट समजावून सांगितलं. बापूंनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि निघताना म्हणाले, "बरं मंग, सायबाले माहा रामराम सांगजा."

त्या दिवसापासून गावात मॅडमचं नाव पडलं ड्रायव्हर मॅडम. एका घरून तर पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टर चालवायला येता का म्हणून विचारणा आली. मॅडमनी "म्या थ्या ड्रायव्हरमंधली नाही" असं सांगितलं, पण लगेच पुढं विचारलं, "शिकवसान का?" आणि खरंच गेल्या. एक तास पडीक वावरात गोल गोल ट्रॅक्टर फिरवून आल्या. आल्यावर दुकानात दिवसभर त्याच गोष्टी चालू होत्या.

बाईला सगळं चालायचं. अडून बसल्या त्या एकाच गोष्टीवर. नंबरवर.

त्याचं असं आहे की प्रत्येक ड्रायव्हरला कर्नलकडे एक नंबर लागतो. पडद्यावर ओल दाखवणाऱ्या प्रोग्रामला ओल विचारायची असली, की तो 'ओल' नावाचं दार वाजवतो. दारावर नावाची पाटी आणि पाटीवर नंबर. कर्नल नाव वाचत नाही. नंबर पाहतो आणि त्या नंबरावर जो ड्रायव्हर बसलेला असेल त्याच्याकडे पाठवून देतो. हा नंबर मिळवायच्या रीती दोन. एक, आपणच एक नंबर ठरवायचा आणि ड्रायव्हरमध्ये कायमचा लिहून टाकायचा. दुसरी, ड्रायव्हरनं आत शिरताना कर्नललाच विचारायचं, बाबा रे, कोणता रिकामा आहे? तो देईल तो घ्यायचा. यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं की पुन्हा विचारायचं, पुन्हा मिळेल तो घ्यायचा.

पुस्तकं सांगतात, दुसरी रीत बरी. मीही मॅडमना तेच म्हटलं. त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"म्हंजे तासिका तत्त्व."

"तसं नाही ना मॅडम."

"तसंच हाय. रोज सकाळी जाऊन इचारा, कोन्ती जागा रिकामी हाय. भेटली त बसा. म्या अठरा वर्सं केलं थे. हे यंत्र पर्मनंट होईन. त्याले त्याचा सोताचा नंबर राहीन."

"पन मॅडम, विचारून घेतला त कोनाशी टक्कर होत नाही."

"अन् नंबरच ठाव नसला त दारावर पाटी कोन्ती लावू? सांग. रोज पाटी बदलत बसू?"

हे अगदीच चुकीचं नव्हतं, ती अडचण खरी आहे. पण मॅडम पाटीसाठी भांडत नव्हत्या हे मला दिसत होतं. मी वाद सोडला.

जगभरच्या ड्रायव्हरांना दिलेल्या कायमच्या नंबरांची एक यादी असते. कोणीही, कुठंही बसून ती वाचू शकतो. त्या यादीत आपल्या ओलीच्या यंत्राचं नाव छापलेलं असावं असं मॅडमच्या मनानं घेतलं. यादी सांभाळणाऱ्यांना त्यांनी इंग्रजीत पत्र लिहायला घेतलं. चार दिवस लिहीत होत्या. सोयाबीन काय असतं, ओल काय असते, व्यापारी दाणा दातानं कसा फोडतो, सगळं त्यात आलं. मी वाचून म्हटलं, "मॅडम, हा दात काढून टाका."

"दात राहू दे. थोच मेन मुद्दा हाय."

उत्तर आलं, तेही लवकर आणि फार अदबीनं. नवे कायमचे नंबर आता सहसा देत नाही, ड्रायव्हरनं चालू होताना कर्नलकडूनच मागून घ्यावा, तुमच्या यंत्राला मनापासून शुभेच्छा. मॅडमनी माझ्याच दुकानात ते वाचलं, माझ्याच प्रिंटरवर छापलं, कागदाच्या चार घड्या केल्या आणि पर्समध्ये ठेवला.

"बोलले चांगले," त्या म्हणाल्या. "आपल्या इथल्यासारके नाही बोलले."

त्या दिवशी चहा न घेताच गेल्या. मला फार वाईट वाटलं. एवढ्या मोठ्या जगात एका बाईला एक आकडा द्यायला काय जात होतं, असं मनात आलं. तसं म्हणणं बरोबर नाही हे माहीत असूनही आलं.

मग मॅडमनी स्वतःच नंबर घेतला. दोनशे चाळीसपासून दोनशे चोपन्नपर्यंतचे नंबर लोकांच्या प्रयोगांसाठी मोकळे सोडलेले आहेत, त्यावर कोणाची मालकी नाही. त्यातला एक त्यांनी ड्रायव्हरमध्ये पक्का लिहून टाकला. कोणता, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मॅडमच पर्मनंटच्या बाजूच्या म्हटल्यावर मी कशाला शहाणपणा करू? मीही माझ्या काट्यासाठी त्याच मोकळ्या नंबरांतला एक लिहून टाकला. त्यांनी ओल आपल्या घरी तपासली, मी काटा दुकानात तपासला. दोन्ही फर्स्टक्लास. ढाणकीला जायच्या आदल्या दिवशी मी दोन्ही ड्रायव्हर एका डब्यात भरले, झाकणाला चार स्क्रू मारले आणि एकदाही चालू करून न पाहता एका मित्राच्या लग्नाला गेलो. हा गाढवपणा सर्वस्वी माझा.

हंगामातला पहिला दिवस. गटाच्या टिनाच्या शेडमध्ये माणसंच माणसं. मॅडम ठेवणीतली पांढरी साडी नेसून आल्या होत्या. आल्या आल्या सगळ्यांना जय भीम, रामराम, नमस्कार, ज्याला जो चालेल तो करून झाला. पहिल्या पोत्याचा मान बापूंचा. मागे एक व्यापारी बापूंच्याच पोत्यातला दाणा दाताखाली धरून उभा होता. त्यानं तो फोडला, कट् असा आवाज मलाही ऐकू आला. "चौदा," तो म्हणाला.

"थांबा ना भाऊ," बापू म्हणाले. "आता मशीन बोलन."

पोतं काट्यावर चढलं. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं, वजन ५१.४. टाळ्या पडल्या. मॅडमनी ओल मोजायची सळई पोत्यात खुपसली. पडद्यावर आलं, ओल ५१.४.

बापूंनी पडद्याकडं पाहिलं, पोत्याकडं पाहिलं, मग मॅडमकडं पाहिलं.

"काहो मॅडम, म्या सोयाबीन आनलं का विहीर उचलून आनली?"

जो काही हशा उठला तो सांगता येत नाही. मॅडमनी सळई पोत्यातून काढून हवेत धरली. ओल ५१.४. कोणीतरी पोतं काट्यावरून उतरवलं. ओल शून्य. "वाळलं रे वाळलं!" मागून आवाज आला. एक अंगानं भरलेला गडी काट्यावर चढला. वजन ८६.२, ओल ८६.२. मग काय, लोकांनी काट्यापुढं रांगच लावली. जो तो वर चढायचा आणि आपली ओल पाहायचा. बापूंना चढवलं तेव्हा बावन्न आली. "बापू, तुमी त पार सुकले!" कोणी म्हणालं. "मंग आजच इका मले," बापू म्हणाले, "पुढं भाव पडन."

मीही हसलो, खोटं कशाला सांगू. पण मॅडमकडं पाहिलं आणि हसू जिरलं. त्या टेबलाशी उभ्या होत्या आणि सळईचं टोक पदरानं पुसत होत्या. पुसून झालं तरी पुसत होत्या. बापू काट्यावरून उतरून त्यांच्याजवळ गेले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, लोक चांगले हायेत, हासून घेतीन. पन आज नाही जमलं त उद्या पुन्हा दातापाशीच जातीन."

मॅडमनी लॅपटॉप उघडून डब्याला जोडला. यंत्र चालू होताना आत काय काय घडलं याच्या ओळी वाचू लागल्या. एका ओळीवर बोट थांबलं. त्यांच्या ड्रायव्हरबद्दल कर्नलनं लिहून ठेवलं होतं, जागा भरलेली आहे. म्हणजे ओलीचा ड्रायव्हर आपल्या नंबरावर बसायला गेला, तर तिथं आधीच कोणी बसलेलं होतं आणि त्याला दारातूनच परत पाठवलं गेलं. दारावरची पाटी मात्र तशीच राहिली. म्हणून पडदा ओल विचारायचा आणि त्या नंबरावर बसलेला दुसराच कोणी उत्तर द्यायचा. तो दुसरा कोण हे आता तुम्हालाही कळलं असेल. माझा काटा.

"तू कोन्ता नंबर घेतला?" मॅडमनी विचारलं.

वाचणाऱ्यांनो, आता तुम्हीच सांगा. दोनशे चाळीस ते दोनशे चोपन्न या पंधरा आकड्यांमधून आपल्याकडचा माणूस कोणता उचलेल? ज्यानं जन्मात एकदा तरी लग्नाच्या पाकिटाला एक रुपयाचं नाणं चिकटलेलं पाहिलं आहे, तो दुसरा आकडा घेईलच कसा?

"दोनशे एक्कावन्न," मी म्हटलं. "शगुनाचा म्हनून."

मॅडम म्हणाल्या, "म्या पन."

एरवी आम्ही दोघं खुर्चीवरून पडेपर्यंत हसलो असतो. त्या वेळी कोणीच हसलं नाही. मला एकच दिसत होतं. मॅडमचं यंत्र दारात उभं आहे आणि आत त्याच्या खुर्चीवर त्यांचाच विद्यार्थी पाय पसरून बसला आहे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मॅडम, मी उठतो," मी म्हटलं. "काट्याचा नंबर बदलतो. दोनशे एक्कावन्न तुमचा."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. रागावल्या नव्हत्या, थकल्या होत्या. "तू उठशीन रे. पन उद्या यायनं पावती छापाचं मशीन जोडलं, अन् थे करनाऱ्यानंबी शगुन पाह्यला त? परवा चवथा येईन. कोनाकोनाले उठवू म्या? अन् मलेच काहून सारे उठून जागा देतीन?"

एवढं बोलून त्या भिंतीकडं गेल्या. तिथं प्लास्टिकच्या आठ-दहा खुर्च्या मांडलेल्या, सगळे लोक काट्याभोवती असल्यानं सगळ्या रिकाम्या. मॅडमनी एका खुर्चीच्या पाठीवर टकटक केली.

"इथं कोनी बसते का?"

"बसा ना बाई," बापू म्हणाले, "पुरं शेड तुमचंच हाय."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं. मी काही विचार करून बोललो नाही.

"मॅडम, तुम्ही खुर्चीले इचारता. नंबरले काहून नाही इचारत?"

मॅडम अर्धवट बसलेल्या तशाच थांबल्या.

"इतक्या वर्सांत तुमचं खुर्चीवरून कोनाशी भांडन झालं का?" मी म्हटलं. "कोनाले उठवावं लागलं का कधी? तुम्ही इचारून बसता, म्हनून तुम्हाले कोनी उठवत नाही."

त्या बसल्या. खाली मान घालून खुर्चीच्या हातावरून बोट फिरवू लागल्या. मला वाटलं, जास्तच बोललो. मग त्यांनी मान वर केली आणि वर्गात फळ्याकडं पाठ करून उभ्या राहायच्या त्या आवाजात म्हणाल्या, "हे बोलाले तुले तीन मयने लागले? आन इकडं थो लॅपटॉप."

पाव तासाचं काम होतं. दोनशे एक्कावन्न लिहिलेली ओळ त्यांनी खोडली आणि तिच्या जागी कर्नलला विचारणारी ओळ लिहिली. माझ्या काट्यातही तेच केलं. पाटीची अडचण होतीच. त्यासाठी त्यांनी चार ओळींचा एक छोटा प्रोग्राम लिहिला. कोणत्या नंबरावर कोण बसलं आहे याची यादी कर्नलकडं तयार असते. यंत्र चालू झालं की हा प्रोग्राम ती यादी पाहणार, 'ओल' नावासमोर जो नंबर असेल तो घेणार आणि त्या दिवसापुरती पाटी लावणार. नाव पक्कं, नंबर येईल तो.

डबा पुन्हा चालू केला. मॅडम त्या यादीला मस्टर म्हणायच्या. त्या दिवशी त्यांनी मस्टर मोठ्यानं वाचायला घेतलं, हजेरी घेतल्यासारखं. नंबर आणि नाव, नंबर आणि नाव. शेडमधल्या लोकांना काही कळत नव्हतं, पण हजेरी कोणाला कळत नाही? तिसऱ्या नावापासून कोणीतरी "हजर" म्हणायला लागलं.

"दोनशे सत्तेचाळीस, काटा."

"हजर मॅडम!" मी ओरडलो.

"दोनशे शेहेचाळीस, ओल."

"हजर!" अख्खं शेड म्हणालं. टिनाचे पत्रे थरथरले.

मॅडम हसत होत्या, पण पुढं वाचेनात. मी जवळ गेलो तर यादीवर बोट ठेवून म्हणाल्या, "पाह्य. या मस्टरवर कोनाचंच नाव छापेल नाही. कायमचे नंबरवाले हायेत ना, त्यायचंबी नाही. मशीन बंद झालं का मस्टर कोरं. सकाळी समद्यायचे नावं नव्यानं लिवते हा कर्नल." मग डोळे पुसले, पदरानंच. "अन् काना नाही गाळत रे. बराबर लिवते."

मी घाईनं पोतं उचलायला वळलो.

बापूंचं पोतं पुन्हा चढलं. वजन ५१.४. सळई आत गेली. ओल ११.८. सगळ्यांच्या माना मागं वळल्या, त्या व्यापाऱ्याकडं. त्यानं आधी पडद्याकडं, मग पोत्याकडं पाहिलं आणि जिभेनं दात चाचपले. माझं विचाराल तर त्याचा दात अगदीच खोटा नसणार, फक्त ज्याच्या तोंडात होता त्याच्या बाजूनं बोलायचा. बापू उठले, टोपी सारखी केली आणि डब्यासमोर ताठ उभं राहून त्यांनी कडक सॅल्यूट ठोकला.

"कर्नलसायब, मानलं तुमाले!"

मॅडमनी या वेळी समजावून सांगितलं नाही. "सांगते म्या सायबाले," म्हणाल्या.

त्यानंतर दोन वर्षं मॅडम दुकानात येत राहिल्या. टकटक आणि प्रश्न तसाच. मध्ये मला एक दिवस उमाळा आला आणि मी दुसऱ्या खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या रंगानं त्यांचं नाव लिहून ठेवलं. वेलांट्या-काने दोनदा तपासून. मॅडम आल्या, त्यांनी नाव वाचलं, एकेका अक्षरावरून बोट फिरवलं. फार आवडलेलं दिसलं. मग म्हणाल्या, "पुसून टाक."

"काहून मॅडम?"

"दुसऱ्या बसनाऱ्याले उगा संकोच वाटते."

मी थिनर लावून पुसलं, पण मन लावून पुसलं नाही. तिरपं ऊन आलं की अजून अक्षरं दिसतात.

गेल्या वर्षी मॅडम बोरी अरबला गेल्या, माहेरी. तिथल्या विहाराच्या सभागृहात गावातल्या मुलींना जोडणी, दुरुस्ती आणि हो, ड्रायव्हर लिहायला शिकवतात. निघायच्या आदल्या दिवशी दुकानात आल्या तेव्हा मी चेष्टेनं विचारलं, "मॅडम, हे तरी पर्मनंट का?"

"कायचं पर्मनंट," त्या म्हणाल्या. "पन घंटा म्याच वाजवते."

या हंगामाच्या तोंडावर ढाणकीच्या डब्यात पाणी शिरलं. आतला संगणक गेला. मी नवा आणला, थोडा वेगळ्या बनावटीचा, त्यात मॅडमचा ड्रायव्हर भरला, माझा भरला आणि या वेळी शहाण्यासारखं दुकानातच चालू करून पाहिलं. मस्टर उघडलं. दोनशे बावन्न, काटा. त्याखालची ओळ मी दोनदा वाचली.

दोनशे एक्कावन्न, ओल.

मी काही केलं नव्हतं. कर्नल मोकळे नंबर वरून खाली वाटत येतो. या नव्या संगणकात मागणारे कमी होते, म्हणून ओलीच्या वाट्याला तो आला. दुसऱ्या एखाद्या दिवशी आणखी काही जोडलं की दुसरा येईल. यात नवल असं काही नाही, हे मला चांगलं कळतं. तरी मी पडद्याचा फोटो काढून मॅडमना पाठवला.

मिनिटभरात फोन आला. मागे मुलींचा गलका चालू होता. मॅडमनी त्यांना "थांबा गं" म्हटलं आणि मग मला विचारलं, "तू लिवला का थो नंबर?"

"नाही मॅडम. त्यानं इचारलं, कर्नलनं देल्ला."

मी समोरच्या खुर्चीकडं बघत बसलो.

"कोनाले उठवलं त नाही ना त्याच्यासाठी?"

"नाही मॅडम. रिकामीच होती जागा."

"मंग बसू दे," मॅडम म्हणाल्या.